वाचक विचारतात : सफरचंदाचं क्रम्बल बिघडतं कुठे?

शरद सुरू झाला की सफरचंदांचा नवा बहार येतो आणि ओव्हनमधून गरमागरम काहीतरी काढावंसं वाटतं. या वेळी आलेली बहुतेक पत्रं सफरचंदाच्या क्रम्बलबद्दल आहेत. खाली फोडी, वर मैदा-बटर-साखरेचा चुरा, एवढाच हा पदार्थ. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी त्यातल्या बऱ्याचशा एकाच कारणाशी येऊन थांबतात, ते म्हणजे पाणी. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणीच असतं. ते कधी सुटतं आणि कुठे मुरतं, हे सांभाळलं तर क्रम्बल साधतं.

उत्तरं देताना पुढचं प्रमाण धरलं आहे. भांडं २० सेंटिमीटर चौकोनी, ५ सेंटिमीटर खोल. सफरचंदं १ किलो (सोलून, बिया काढून साधारण ८०० ग्रॅम भरतात), साखर ६० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, दालचिनीची पूड १ लहान चमचा, चिमूटभर मीठ. चुऱ्यासाठी मैदा १५० ग्रॅम, थंड बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, ओट्स ५० ग्रॅम, मीठ पाव लहान चमचा. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर आधी तापवलेला, वेळ ४० ते ४५ मिनिटं.

प्रश्न : वरचा थर सोनेरी दिसतो, पण चमचा घातला की खाली पाणी आणि मध्ये कच्च्या पिठाचा गिचका. सगळं मोजून घेतलं तरी असं का होतं?

तुमचं प्रमाण चुकलेलं नाही, फोडींना पाणी सुटण्याची वेळ चुकते आहे. साखर लागली की फोडी पाणी सोडू लागतात आणि ओव्हनच्या उष्णतेने हा वेग वाढतो. त्या पाण्याची वाफ वर येते आणि चुऱ्याच्या खालच्या बाजूत अडकते. बटर वितळून पीठ भाजलं जाण्याआधीच पीठ ती वाफ पिऊन बसतं. एकदा ओलं झालेलं पीठ मग खुसखुशीत होत नाही, नुसतं शिजतं.

यावर उपाय म्हणजे पाणी आधीच काढून घेणं. फोडींना साखर, लिंबू आणि मीठ लावून ३० मिनिटं ठेवा, मग चाळणीत निथळू द्या. खाली जमलेला रस फेकू नका, सफरचंदाचा अर्धा स्वाद त्यातच उतरलेला असतो. तो छोट्या पातेल्यात उकळायला ठेवा. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि फेसाळ असतात. रस आटत आला की ते मोठे, सुस्त आणि चकचकीत होतात. चमच्याच्या पाठीवर रसाचा थर टिकायला लागला की गॅस बंद करा. दोन-तीन मोठे चमचेच उरेल. निथळलेल्या फोडींना कॉर्नफ्लोअर आणि दालचिनी चोळा आणि हा आटवलेला रस वरून घाला. कॉर्नफ्लोअर पूर्ण दाट व्हायला ९५ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून फक्त कडेला बुडबुडे दिसले की भांडं बाहेर काढू नका. मधल्या भागातूनही रस बुडबुडत वर आला पाहिजे.

चुऱ्याचा थर दीड सेंटिमीटरहून जाड नको, आणि तो दाबू तर मुळीच नका. सैल चुऱ्यातून वाफेला वाट मिळते, दाबलेल्या थरातून मिळत नाही. फळ फारच रसाळ असेल तर चुरा वेगळा भाजणं सगळ्यात खात्रीचं. तो ट्रेमध्ये पसरून १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा. त्याच वेळी फोडींचं भांडं फॉइलने झाकून खालच्या जाळीवर ठेवा. मग फॉइल काढा, चुरा वर पसरा आणि सगळं मिळून आणखी २५ मिनिटं भाजा.

भांडं बाहेर काढल्यावर १५ मिनिटं थांबा. रस निवताना घट्ट होतो, लगेच वाढलं तर चांगलं जमलेलं क्रम्बलही पातळ वाटतं. आणि गरम भांड्यावर झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी पुन्हा चुऱ्यावरच पडेल. चुऱ्याचा अगदी तळाचा पातळ थर रसात मुरलेला असतो, तो मात्र दोष समजू नका. आमच्या मते क्रम्बलमधला सगळ्यात चविष्ट भाग तोच.

प्रश्न : सफरचंदं कोणती घ्यावीत? लाल, गोड सफरचंदं वापरली तर गाळ झाला.

कच्चं खायला उत्तम असलेलं सफरचंद भाजायला उत्तम असेलच असं नाही. रेड डिलिशस पिठूळ होतं आणि आंबटपणा कमी असल्याने चवही सपाट लागते. ग्रॅनी स्मिथ आंबट आणि टणक, त्याच्या फोडी अखंड राहतात. ब्रॅम्लीही आंबट, पण ते शिजताना फुलून विरघळतं. मऊ, लोण्यासारखं सारण आवडणाऱ्यांनी ते मुद्दाम घ्यावं. गोल्डन डिलिशस गोड असूनही बऱ्यापैकी आकार धरतं. निम्मं ग्रॅनी स्मिथ आणि निम्मं गोल्डन डिलिशस हा आम्हाला सर्वांत पसंत पडलेला मेळ. नावं माहीत नसतील तर बोटाने दाबून पाहा. दबलं तर भाजायला घेऊ नका.

हाताशी मऊ सफरचंदंच असतील तर एक युक्ती आहे. साखर लावण्याआधी फोडींवर उकळतं पाणी ओता, १० मिनिटं झाकून ठेवा आणि पूर्ण निथळा. साधारण ६० ते ७० अंशांच्या उष्णतेत फळातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं. त्यामुळे फोडीला आकार देणारं पेक्टिन फळातल्याच कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पुढच्या कडक आचेत लवकर विरघळत नाही. पिठूळ झालेलं जुनं फळ याने सुधारणार नाही, पण ताजं मऊ फळ निश्चित तग धरतं.

फोडी १ ते दीड सेंटिमीटर जाड आणि शक्यतो सारख्या हव्यात. पातळ काप आणि जाड फोडी एकत्र घातल्या तर निम्म्यांचा गाळ होतो आणि निम्म्या कच्च्या राहतात.

प्रश्न : बटर आणि मैदा चोळताना चुरा होण्याऐवजी कणकेसारखा गोळा होतो.

बटर गरम झालं आहे. ते ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि तळहात जवळपास तेवढेच गरम असतात. बटरचे १ सेंटिमीटरचे तुकडे करून १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि फक्त बोटांच्या टोकांनी, पीठ वर उचलत मोहनासारखं चोळा. मिश्रण मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. अगदी एकसारखं बारीक करू नका. काही खडे वाटाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे राहू द्या, कुरकुरीतपणा त्यांच्यामुळे येतो. साखर आणि ओट्स शेवटी मिसळा. तयार चुरा २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मगच फोडींवर घाला.

गोळा झालाच असेल तर टाकून देऊ नका. तो चपटा करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाड किसणीने थेट फोडींवर किसा. उलट मिश्रण भुरभुरीत, पिठासारखं कोरडं राहिलं तर एक-दोन लहान चमचे गार पाणी शिंपडून काट्याने हलवा, खडे तयार होतात. भाजल्यावर वर कडक पापुद्रा येत असेल तर साखर जास्त झाली आहे. ती वितळते आणि निवताना कडक होते.

प्रश्न : मिठाचं बटर चालेल का?

चालेल. चुऱ्यातलं वेगळं मीठ वगळा.

प्रश्न : चिरून ठेवलेल्या फोडी काळ्या पडतात. मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात का?

नको, पाणी कमी करायचं असताना फोडी पाण्यात भिजत कशाला ठेवायच्या? हवेशी संपर्क आल्यावर फळातल्या विकरामुळे त्या तपकिरी होतात. दालचिनी लावून भाजल्यावर तो रंग दिसतही नाही. लिंबू आपण घालतो ते मुख्यतः चवीसाठी.

प्रश्न : वरून करपतं आणि फोडी मात्र कच्च्या राहतात.

छोट्या ओव्हनमध्ये भांडं वरच्या कॉइलच्या फार जवळ येतं. जाळी एक घर खाली घ्या आणि वरची-खालची दोन्ही कॉइल सुरू आहेत ना, ते तपासा. २५ मिनिटांतच रंग चढला तर वर फॉइल सैलसर टाका आणि शेवटची ५ मिनिटं ते काढा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान १६० अंश ठेवा. फोडी शिजल्या का, हे मध्यभागी सुरी घालून पाहा. ती न अडखळता तळाला गेली पाहिजे.

प्रश्न : घरी साधा मायक्रोवेव्ह आहे, कन्व्हेक्शन नाही. क्रम्बल होईल का?

एकत्र भाजून नाही, पण दोन भाग वेगळे करून नक्की होईल. मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, त्यामुळे पदार्थ शंभर अंशांच्या फारसा पुढे जात नाही. खरपूस रंग यायला मात्र १४० अंशांच्या पुढची कोरडी उष्णता लागते. फोडी झाकण थोडं उघडं ठेवून ५ ते ६ मिनिटं शिजवा, मध्ये एकदा हलवा. मैदा, ओट्स आणि बटर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १० ते १२ मिनिटं सतत परता. साखर गॅस बंद केल्यावर घाला, आधी घातली तर ती बुडाला चिकटून करपते. हा चुरा निवल्यावरच कुरकुरीत होतो. वाढतानाच तो फोडींवर घाला.

प्रश्न : मैद्याऐवजी कणीक आणि साखर निम्मी केली तर?

निम्मी कणीक खुशाल घाला, चव खमंग होते. सगळीच कणीक घातली तर त्यातला कोंडा ओलावा शोषतो आणि चुरा जड होतो. फोडींची साखर निम्मी करायला हरकत नाही, पण चुऱ्यातली ५० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. कुरकुरीतपणा त्या साखरेवरही अवलंबून असतो.

प्रश्न : पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

चुरा करून ठेवा. हवाबंद डब्यात, फ्रीझरमध्ये तो तीन महिने चांगला राहतो आणि गोठलेलाच थेट फोडींवर घालता येतो. फोडींवर चुरा पसरून रात्रभर ठेवू नका, सकाळी तळाला रस आणि वर ओलं पीठ मिळेल. फोडी आधीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवल्या असतील तर काचेचं भांडं थंडगार असताना तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडा जाऊ शकतो. ते अर्धा तास बाहेर ठेवा. भाजलेलं क्रम्बल उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. गरम करताना ते उघडंच, १६० अंशांवर १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये फळ लवकर गरम होतं, पण चुरा मऊ पडतो.