घड्याळात ६२, अंगठीत ४१, पट्ट्यावर ५७: एचआरव्हीचा खरा आकडा कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅपल वॉच एचआरव्ही (हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्याचं माप) ६२ दाखवतं, ओउराची अंगठी ४१, आणि सकाळी पोलर एच१० चा पट्टा छातीला लावून एलिट एचआरव्ही अ‍ॅपमध्ये ५७ येतं. मग चुकतंय कोण?

बहुधा कुणीच नाही. तिघं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या सूत्रांनी मोजतात आणि उत्तर वेगवेगळ्या एककांत देतात. आधी सूत्र आणि एकक तपासा, मग मोजण्याची वेळ, आणि सेन्सरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक लोक हे नेमकं उलट्या क्रमाने करतात.

ओउरा, गार्मिन, फिटबिट आणि पोलर आरएमएसएसडी देतात. त्यात लागोपाठच्या दोन ठोक्यांमधली अंतरं एकमेकांपासून किती मिलिसेकंदांनी वेगळी आहेत ते पाहतात. अ‍ॅपलच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये दिसतो तो एसडीएनएन, म्हणजे सगळी अंतरं त्यांच्या सरासरीभोवती किती पसरली आहेत ते. मोजणी चालू असताना ठोके हळूहळू मंद होत गेले, तर एसडीएनएन चांगलाच वाढतो आणि आरएमएसएसडी जवळपास जागचा हलत नाही. म्हणून एकावरून दुसरा काढता येईल असा ठरावीक गुणक नाही. कुणी सांगितला तरी वापरू नका.

तुमचे ५७ तर मिलिसेकंद नाहीतच. एलिट एचआरव्ही आरएमएसएसडीचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन त्याला ६.५ ने भागतं आणि १०० ने गुणतं. उलट हिशेब करा: ५७ ला ६.५ ने गुणून १०० ने भागलं की ३.७०५, आणि त्यावरून आरएमएसएसडी येतो सुमारे ४१. म्हणजे अंगठी आणि पट्टा यांत तुम्हाला दिसलेला १६ चा फरक मुळात नाहीच. एचआरव्ही४ट्रेनिंग या दुसऱ्या अ‍ॅपचे गुणही असेच लॉगॅरिदमवरून येतात, फक्त तिथे तो २ ने गुणलेला असतो. ४१ चे तिथे ७.४ होतील. अ‍ॅपमध्ये आरएमएसएसडी मिलिसेकंदांत कुठे दाखवला आहे ते शोधा आणि तुलनेसाठी फक्त तोच आकडा उतरवून घ्या.

आता वेळ. अ‍ॅपल वॉच दिवसरात्र अधूनमधून साधारण मिनिटभराचे नमुने घेतं, शिवाय माइंडफुलनेसचं सत्र केलं की त्या वेळीही घेतं. त्या सत्रात श्वास संथ होतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की ठोक्यांची लय श्वासाबरोबर मोठे हेलकावे घेते आणि एसडीएनएन उसळतो. अशी दोन-तीन सत्रं मोजणीत आली की दिवसाची सरासरी फुगते. याउलट ओउरा रात्रभराचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेऊन सरासरी काढते. गार्मिनही रात्रीच मोजतं, पण एचआरव्ही स्टेटस ठरवताना सात दिवसांची सरासरी बघतं. पोलरचं नाइटली रिचार्ज झोप लागल्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होऊन सुमारे चार तासच मोजतं. त्यामुळे उशिरा जड जेवण किंवा मद्य झालेल्या रात्री पोलरचा आकडा जास्त खाली आलेला दिसू शकतो: शरीरावरचा ताण रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असतो, आणि पूर्ण रात्रीच्या सरासरीत उत्तरार्धातली सुधारणाही मिसळते.

इथेच एक इशारा. ‘एसडीएनएन ५० च्या खाली म्हणजे धोका’ असं वाचून अनेक जण घाबरतात. ती मर्यादा २४ तासांच्या होल्टर नोंदीसाठी (अंगावर लावून ठेवलेल्या यंत्राने घेतलेल्या ईसीजीसाठी) आहे. १९९६ मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजी आणि नॉर्थ अमेरिकन सोसायटी ऑफ पेसिंग अँड इलेक्ट्रोफिजिऑलॉजी यांच्या कृतिगटाने मापनाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यात निरोगी माणसांचा २४ तासांचा एसडीएनएन १४१ अधिक-उणे ३९ असा दिला आहे. नोंद जितकी लांब तितका एसडीएनएन मोठा, त्यामुळे घड्याळाचा मिनिटभराचा ३५ त्या तक्त्यात बसवणं साफ चूक आहे.

सेन्सरकडे येऊ. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत वाचतो आणि त्यातलं टोक टोकदार असतं. घड्याळ किंवा अंगठी प्रकाशाने रक्ताची लाट पाहते. तिचं टोक गोलसर असतं, त्यामुळे ठोक्याची वेळ काही मिलिसेकंद इकडेतिकडे होते. स्थिर बसल्यावर किंवा झोपेत हा दोष सहसा खपून जातो. खरा घोळ हरवलेल्या ठोक्यामुळे होतो. समजा, मिनिटाला ६० ठोके आहेत आणि आरएमएसएसडी ३० आहे. एकच ठोका सुटला की १००० च्या जागी २००० मिलिसेकंदांचं अंतर तयार होतं, आणि त्या मिनिटाचा आरएमएसएसडी थेट १८० च्या वर जातो. वेळेआधी पडलेला एक ठोका, समजा ६०० आणि त्यामागून १४०० असं अंतर, तोही त्याला १३० पर्यंत नेतो. म्हणून प्रत्येक अ‍ॅप संशयित अंतरं गाळतं किंवा दुरुस्त करतं, आणि प्रत्येकाची गाळणी वेगळी. कुबिओस या एचआरव्ही तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिची तीव्रता स्वतः निवडता येते. ती फार कडक ठेवली तर श्वासाबरोबर होणारे खरे चढउतारही कापले जातात आणि आकडा खोटा कमी येतो. तरुण आणि व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष जपा.

प्रत्यक्ष तुलना करायची तर अ‍ॅपमुळे पडणारा फरक आणि सेन्सरमुळे पडणारा फरक वेगळे काढा. पोलर एच१० एकाच वेळी दोन ब्लूटूथ जोडण्या देतो, त्याचा उपयोग करा. दोन फोनवर दोन अ‍ॅप एकाच पट्ट्याला जोडा आणि एकाच पाच मिनिटांची नोंद घ्या. ठोके तेच असल्यामुळे जो फरक येईल तो निव्वळ गाळणीचा आणि गणिताचा. हे झाल्यावरच पट्टा विरुद्ध घड्याळ करा. सकाळी उठून लघवीला जाऊन या, पाणी-चहा घेण्याआधी टेकून बसा, एक मिनिट तसंच जाऊ द्या आणि मग पाच मिनिटं नोंद घ्या. श्वास नेहमीसारखा असू द्या, बोलू नका. पट्ट्याचे इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करा. कोरडा पट्टा सुरुवातीची काही मिनिटं वाया घालवतो. रोज बसूनच मोजा. उभं राहिल्यावर आरएमएसएसडी घसरतो, आणि ठोके फार मंद असलेल्या धावपटूंमध्ये आडवं पडून घेतलेली मोजणी खरा बदल लपवू शकते.

अ‍ॅपल वॉचसाठी हेल्थ अ‍ॅपमधून सगळा डेटा एक्सपोर्ट करा. एचआरव्हीच्या प्रत्येक नमुन्याखाली ठोक्यागणिक वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेल्या असतात. तिथे गती पूर्णांकात असते, तिच्यावरून अंतर काढू नका. वेळांची वजाबाकी करा, मधे ठोका सुटलेल्या जोड्या वगळा आणि त्यावरून स्वतः आरएमएसएसडी काढा. १० मिलिसेकंदांच्या या पायरीमुळे ४० चा आकडा फारसा बदलत नाही, पण १२ चा सुमारे १४ होतो.

असे दोन-तीन आठवडे झाले की दोन्ही उपकरणांच्या आरएमएसएसडीचे लॉगॅरिदम घ्या आणि रोजचा फरक लिहा. फरकाची सरासरी म्हणजे कायमचा कल, ती ०.२ असेल तर एक उपकरण साधारण २२ टक्के जास्त दाखवतं, आणि त्याने काही बिघडत नाही. बघायचं ते फरक रोज किती हलतो. ही हालचाल तुमच्या स्वतःच्या रोजच्या चढउताराइतकी असेल, तर त्यातलं एक उपकरण निर्णय घ्यायच्या लायकीचं नाही, मग दोघांचे आलेख कितीही मिळतेजुळते दिसोत.

ही सगळी खटपट नको असेल तर तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: रात्रीसाठी अंगठी किंवा सकाळसाठी पट्टा, दोन्हींपैकी एक धरा आणि सात दिवसांची सरासरी बघा. घड्याळाचे दिवसभराचे विखुरलेले नमुने यासाठी सोडून द्या. आणि मधल्या अ‍ॅपवर लक्ष ठेवा: अ‍ॅपलच्या हेल्थमध्ये एचआरव्हीचा रकाना एसडीएनएनचा आहे, अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये आरएमएसएसडीचा. तिथून आकडे उचलणाऱ्या तिसऱ्या अ‍ॅपच्या आलेखावर भरवसा ठेवण्याआधी नोंद कुठल्या उपकरणाची आहे ते उघडून पाहा. उपकरण बदलताना जुनं आणि नवं तीन-चार आठवडे सोबत वापरा, पण दोघांचे आलेख एकमेकांना जोडू नका.

पट्ट्याच्या नोंदीत वेळेआधी पडणारे ठोके वारंवार दिसत असतील किंवा लय सतत अनियमित वाटत असेल, तर या तुलनेला अर्थ उरत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाची लय बिघडण्याच्या एका विकारात) एचआरव्ही भरपूर ‘चांगला’ दिसतो. अशा वेळी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.