जाडी विचारू नकोस

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

आराखड्याबरहुकूम वरची पाटी २.८ मिलिमीटरवर आणूनही गिटारचा आवाज घुसमटलेला येतो, तर पुढची पाटी किती जाडीची करू, असे तू विचारतोस. हा प्रश्नच मला मान्य नाही. आराखडा काढणाऱ्याने तो आकडा स्वतःच्या हातातल्या लाकडासाठी लिहिला. तुझे सिटका स्प्रूसचे लाकूड त्याने पाहिलेले नाही. जाडी नव्हे, ताठपणा मोज.

पाटी दोन्ही टोकांना टेकू देऊन ठेव, मधोमध एक किलोचे वजन ठेव आणि ती किती वाकते ते डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर, वाच. मग आडव्या दिशेनेही तसेच कर, कारण स्प्रूसचा आडवा ताठपणा उभ्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, आणि करवत तिरकी गेलेली असली की तेवढाही उरत नाही. टिचकी मारून लाकूड ‘बोलते’ म्हणतात. जरूर ऐक, पण आकडे वहीत लिहून झाल्यावर.

ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिलिमीटरची पाटी २.७ वर आणलीस, तर वजन १० टक्केच घटते, ताठपणा मात्र २७ टक्क्यांनी जातो. ब्रेसची, म्हणजे पाटीला आतून चिकटवलेल्या आधारपट्टीची, रुंदी निम्मी केलीस तर तिचा ताठपणा निम्मा होतो, उंची निम्मी केलीस तर आठवा हिस्सा उरतो. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, मोज. आणि भर पावसाळ्यात मोजू नकोस: ओलसर लाकूड ढिले पडते, शिवाय तेव्हा चिकटवलेल्या ब्रेसमुळे उन्हाळ्यात आक्रसणारी पाटी चिरते.

मागच्या पाटीच्या शिसवीवर तू एवढा खर्च का केलास, हे मला कळले नाही. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश गिटार-कारागिराने १८६२ मध्ये मागची पाटी आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती, ती वरच्या पाटीचे महत्त्व पटवण्यासाठीच.

एका दुकानाला माझ्याकडून एकाच जाडीच्या पाट्या झटपट हव्या होत्या. मी नाही म्हटले, काम गेले, आणि घरात त्याची झळ बसली याची खंत आजही आहे. मला हेकट म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. दोन फळ्या सारख्या निघाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

तुझी गिटार मात्र मोडू नकोस. बहुधा ब्रेस उंच राहिल्या आहेत. तारा उतरव, ध्वनिछिद्रातून हात घालून ब्रेसची टोके बोटाएवढ्या रंध्याने थोडी थोडी तास, पुन्हा तारा चढव आणि एक दिवस तशीच राहू दे. पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. त्याने ब्रिज, म्हणजे वरच्या पाटीवर तारा अडकवायचा ठोकळा, पुढे कलू लागला की तिथेच थांब.