टेबल मिळेपर्यंत गाडी कुठे ठेवायची?

झपाट्याने वाढणाऱ्या वस्त्यांतील उपाहारगृहे, त्यांच्यासमोर दुहेरी रांगेत लागलेली वाहने आणि दाराशी ताटकळणारी माणसे यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. लिहिणारे वेगवेगळे आहेत. कोणी रहिवासी, कोणी ग्राहक, कोणी स्वतः व्यवसायात उतरू पाहणारे. गैरसमज मात्र बहुतेकांचा एकच आहे, तो म्हणजे पार्किंग हा केवळ जागेचा प्रश्न आहे. जागा मोजणारे पुष्कळ भेटतात, पण ती जागा एकेक गाडी किती वेळ अडवून ठेवते हे मोजणारा क्वचितच भेटतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नियम शहरागणिक बदलतात, म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी किंवा तक्रार दाखल करण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे आणि जाणकाराकडे खातरजमा करावीच.

प्रश्न: शेजारच्या रेस्टॉरंटने सार्वजनिक रस्त्याच्या कडेला 'फक्त आमच्या ग्राहकांसाठी' असा फलक लावला आहे. तेथे इतरांनी गाडी लावू नये का?

उत्तर: प्राधिकरणाने ती जागा त्यांना लेखी दिलेली नसेल, तर त्या फलकाला काही अर्थ नाही, तशी परवानगी आहे का, हे प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे, फलक लावणाऱ्याला नव्हे.

प्रश्न: मी वीस टेबलांचे रेस्टॉरंट सुरू करणार आहे. जागेसोबत बारा गाड्यांचे पार्किंग मिळते आहे. दलाल म्हणतो की एवढे 'भरपूर' आहे. आपले मत काय?

उत्तर: दलालाचे काम जागा खपवण्याचे असते, त्यामुळे 'भरपूर' हा त्याचा अंदाज आहे, हिशेब नव्हे. हिशेब आपण मांडू. एक गट सरासरी ऐंशी मिनिटे टेबलावर बसतो असे धरले, तर वीस टेबलांतून गर्दीच्या वेळी तासाला पंधरा टेबले मोकळी होतात आणि तितकेच नवे गट बसतात. त्यांपैकी दोन तृतीयांश गट मोटारीने आले, तर तासाला दहा गाड्या येतील. उतरणे, चालत जाणे आणि परत येणे यांची दहा मिनिटे मिळवली, तर प्रत्येक गाडी दीड तास उभी राहील. म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी पंधरा गाड्या उभ्या असतील. बारांची सोय येथेच तोकडी पडली.

आता याच हिशेबात चाळीस मिनिटांचे वेटिंग मिळवा. गाडी दीड तासाऐवजी दोन तास दहा मिनिटे उभी राहते आणि तासाला दहाच गाड्या येत असूनही गरज बावीस जागांवर जाते. ग्राहक वाढला नाही, टेबल वाढले नाही, तरी केवळ ताटकळण्यामुळे सात गाड्यांची जागा जास्त लागली. माझ्याकडे येणाऱ्या व्यावसायिकांना ही गोष्ट पटवताना सर्वाधिक वेळ जातो, कारण दाराशी जमलेली गर्दी त्यांना जाहिरात वाटते. शिवाय बावीस ही सरासरी आहे, तिच्याहून अधिक गाड्या वारंवार येतील. पंचाऐंशी टक्के जागा भरलेल्या आणि उरलेल्या मोकळ्या असाव्यात, हा या विषयात सर्वमान्य झालेला संकेत पाळायचा, तर सव्वीस जागा हव्यात. कर्मचाऱ्यांची वाहने यात धरलेलीच नाहीत. ते सर्वांआधी येतात आणि दाराजवळच्या जागा दिवसभरासाठी व्यापतात.

म्हणून जागा शोधत हिंडण्याआधी वेटिंग कमी करा. टेबले ठरावीक अंतराच्या वेळांना आगाऊ नोंदवून घ्या, कर्मचाऱ्यांची वाहने दूर ठेवा आणि दुचाकींसाठी वेगळी आखणी करा. मी धरलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. करारावर सही करण्यापूर्वी तशाच एखाद्या चालू रेस्टॉरंटसमोर गर्दीच्या दोन संध्याकाळी प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी आणि ती वाहतूक नियोजकाला दाखवावी.

प्रश्न: शहरातील तीस टक्के वाहतूक ही पार्किंग शोधत फिरणाऱ्यांची असते, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग प्रत्येक उपाहारगृहावर मोठ्या पार्किंगची सक्ती का करत नाहीत?

उत्तर: तीस टक्क्यांचा हा आकडा अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 1927 ते 2001 या काळातील सोळा पाहण्या एकत्र करून दिलेल्या सरासरीचा आहे. त्या पाहण्या मुळात जेथे गाड्या जागा शोधत घिरट्या घालतात असे वाटत होते, अशाच ठिकाणी झाल्या होत्या आणि हे शूप यांनी स्वतः स्पष्ट केले होते. पण अट गळून पडली आणि आकडा तेवढा हातोहात फिरत राहिला. तुमच्या वस्तीत हे प्रमाण पाच टक्के असेल किंवा पन्नास. मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ऐकीव आकड्यावर इमारत उभी करू नये.

सक्तीचा प्रयोगही जगाने करून पाहिला आहे. अमेरिकेतील अनेक शहरांनी उपाहारगृहाच्या दर शंभर चौरस फुटांमागे एका गाडीची जागा सक्तीची केली. एका गाडीला वळण्याच्या मार्गासह साधारण तीनशे चौरस फूट लागतात. म्हणजे माणसांना एक वाटा आणि गाड्यांना तीन. परिणाम असा झाला की उपाहारगृहे एकमेकांपासून लांब गेली, चालत जाणे अवघड झाले आणि गाडीवाचून गत्यंतर उरले नाही. मेक्सिको सिटीने 2017 मध्ये किमान पार्किंगची अट काढून त्याऐवजी कमाल मर्यादा घातली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बफेलो शहरानेही किमान अट रद्द केली. अट काढली की रस्ता आपोआप मोकळा होतो असे मात्र नाही. रस्त्याकडेच्या जागेला वेळेची मर्यादा किंवा शुल्क हवेच. ओक्लाहोमा सिटीत 1935 मध्ये पहिले पार्किंग मीटर बसले, ते दिवसभर गाड्या लावून ठेवणाऱ्यांना हलवून दुकानांत येणाऱ्यांना जागा मिळावी म्हणूनच. तुमच्या वस्तीला काय लागू पडेल, हे स्थानिक विकास नियमावली पाहूनच ठरवावे लागेल.

प्रश्न: व्हॅलेच्या, म्हणजे किल्ली घेऊन आपली गाडी लावून देणाऱ्या सेवेच्या, पावतीवर 'वाहनमालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. गाडी चोरीला गेली तर काहीच मिळणार नाही का?

उत्तर: तसे समजून गप्प बसू नका. किल्ली ताब्यात घेणाऱ्यावर गाडीची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, व्हॅलेच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात, अशी छापील ओळ हॉटेलला त्याच्या निष्काळजीपणातून मोकळे करत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे ही ओळ कायद्यापेक्षा ग्राहकाला परतवून लावण्यासाठीच अधिक उपयोगी पडते. पावती जपून ठेवा, किल्ली देताना गाडीची छायाचित्रे काढा, घटना घडताच पोलिसांना आणि विमा कंपनीला लेखी कळवा आणि वकिलाचा सल्ला घ्या. आणखी एक पथ्य पाळा, गाडी नेमकी कुठे उभी करणार ते आधीच विचारा. व्हॅले म्हणजे स्वतःचे पार्किंग, असा समज असतो. पुष्कळ ठिकाणी मागच्या गल्लीतील रहिवाशांची फाटके अडवली जातात.

प्रश्न: आम्ही राहतो त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लोकप्रिय रेस्टॉरंट आहे. सुट्टीच्या दिवशी वेटिंगवरील माणसे जिन्यावर बसतात, दुसऱ्या बाजूच्या दारासमोर दुचाक्या असतात आणि त्या दाराला आतून कडी असते. व्यवस्थापक म्हणतात, 'दोन तासांचाच प्रश्न असतो.' आम्ही उगाच घाबरतो आहोत का?

उत्तर: नाही. सर्व पत्रांमध्ये मला अस्वस्थ करणारे पत्र हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत नाही.

इमारतीतील माणसांची क्षमता खुर्च्या मोजून ठरत नाही. प्रचलित आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत टेबल-खुर्च्यांच्या दालनात दर माणशी सुमारे 1.4 चौरस मीटर जागा धरतात. उभ्याने थांबणाऱ्यांसाठी मात्र जेमतेम अर्धा चौरस मीटर. म्हणजे प्रतीक्षेसाठी सोडलेल्या छोट्याशा मोकळ्या जागेत, तेवढ्याच भोजनकक्षाच्या तिप्पट माणसे मावतात. आणि ती माणसे थांबतात कुठे, तर दाराजवळ, जिन्यावर आणि बोळात. सुटकेचा मार्ग म्हणून नकाशावर दाखवून परवानगी मिळवलेली जागा नेमकी हीच असते. त्याच संहितेनुसार एका दालनात पन्नास किंवा अधिक माणसे असतील, तर बाहेर पडायचे किमान दोन मार्ग हवेत आणि त्यांची दारे बाहेरच्या दिशेने उघडणारी हवीत. तुमच्या इमारतीत कागदावर असे दोन मार्ग असतीलही. सुट्टीच्या संध्याकाळी मात्र एक माणसांनी आणि दुसरा दुचाक्यांनी बंद असतो, हे तुमच्याच पत्रातून दिसते.

या दारांची किंमत माणसांनी मोजलेली आहे. बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला 28 नोव्हेंबर 1942 रोजी आग लागली, तेव्हा आत क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे होती. मुख्य प्रवेशाचे फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकले, बाजूची काही दारे बंद होती, काही आत उघडणारी होती, आणि 492 जण दगावले. ऱ्होड आयलंडमध्ये 20 फेब्रुवारी 2003 रोजी दुसऱ्या एका क्लबला लागलेल्या आगीत शंभर जण गेले. इतर दारे असूनही बहुतेकांनी आत आलो त्याच दाराकडे धाव घेतली आणि तेथे माणसांचा बोळा बसला. आत राहून जीव वाचण्याची शक्यता तेथे जवळजवळ दीड मिनिटातच संपली होती. मुंबईत कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील अनेक जण स्वच्छतागृहात आसरा शोधत गेलेले होते. 'दोन तासांचाच प्रश्न' असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकांना यातील दीड मिनिटाचा आकडा अवश्य सांगावा.

दाराशी ताटकळणारी माणसे दिसली की जागा चालते आहे असे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते. म्हणून आतली टेबले मोकळी असतानाही काही ठिकाणी माणसे मुद्दाम बाहेर थांबवली जातात, हे मी कामाच्या निमित्ताने पाहिलेले आहे. हा प्रकार जिन्यावर चालू देण्याचे कोणतेही कारण मला मान्य नाही. फोन करून बोलावून घेण्याची सोय असेल, तर माणसांनी जिन्यावर बसावे तरी कशाला?

तुम्ही काय करावे? आज रात्रीच त्या दाराचे, कडीचे आणि जिन्याचे वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या. व्यवस्थापनाला आणि इमारतीच्या समितीला लेखी कळवा आणि त्याची प्रत त्याच दिवशी अग्निशमन दलाला द्या. मंजूर नकाशात सुटकेचे मार्ग कोणते दाखवले आहेत, याची प्रत मागा. ती वाचण्यासाठी अग्निसुरक्षा सल्लागाराची मदत घ्या, कारण अर्धवट वाचलेला नकाशा तक्रार कमकुवत करतो. पुढच्या सभेपर्यंत थांबू, असे कोणी म्हणाले तर थांबू नका.

प्रश्न: गाड्या लागू नयेत म्हणून आमच्या फाटकाबाहेर रस्त्यावर कुंड्या ठेवल्या तर चालतील का?

उत्तर: चालणार नाहीत, सार्वजनिक रस्ता अडवण्याचा अधिकार रेस्टॉरंटला नाही तसा तुम्हालाही नाही, म्हणून वाहतूक विभागाकडे फाटकासमोर 'वाहन उभे करू नये' अशा पट्ट्यांची मागणी करा.

प्रश्न: घरपोच पदार्थ नेणाऱ्यांच्या दुचाक्यांनी पदपथ व्यापला आहे. त्यांच्यावर कारवाई कशी करावी?

उत्तर: कारवाई त्या मुलांवर करून काही साधणार नाही. पदार्थ वेळेत तयार होत नाही म्हणून ते थांबतात, म्हणजे मूळ दिरंगाई स्वयंपाकघरातील आहे. रेस्टॉरंटने त्यांच्यासाठी बाजूला स्वतंत्र खिडकी आणि स्वतःच्या हद्दीत पाच-सहा दुचाकींची जागा ठेवावी, तसेच पदार्थ होत आल्यावरच बोलावावे. व्यवस्थापन ऐकत नसेल तर पदपथावरील अडथळ्याची तक्रार प्राधिकरणाकडे करावी.

प्रश्न: समोरच्या भूखंडावर मोठे रेस्टॉरंट येणार, हे दोन वर्षांपासून माहीत होते. आता ते सुरू झाले आहे आणि रस्ता बंद पडतो. परवाना रद्द होईल का?

उत्तर: दोन वर्षे काय करत होता, हे विचारणे कठोर वाटेल, पण आवश्यक आहे. नकाशा मंजुरीसाठी असताना प्रवेशद्वाराची जागा बदलणे ही एक रेघ खोडण्याची बाब असते, इमारत उभी राहिल्यावर तीच भिंत पाडण्याची होते. परवाना रद्द होणे अवघड आहे. अटींचे उल्लंघन सिद्ध करून त्या पाळायला लावणे शक्य आहे. सलग चार आठवडे, गर्दीच्या ठरावीक वेळी, किती गाड्या किती मिनिटे रस्त्यावर उभ्या राहतात याची नोंद ठेवा. 'नेहमीच गर्दी असते' या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ती नोंद आणि परवान्याच्या अटी घेऊन स्थानिक बांधकाम नियम जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

प्रश्न: दारावर 'वीस मिनिटे लागतील' असे सांगतात आणि तास जातो. खरी वेळ कशी ओळखावी?

उत्तर: 'वीस मिनिटे' हा ग्राहक परत जाऊ नये म्हणून सांगायचा आकडा आहे. किती वेळ लागेल ते विचारू नका, आपल्यापुढे किती गट आहेत ते विचारा. रांगेतील संख्या, येण्याचा वेग आणि थांबण्याचा काळ यांचे नाते (संख्या म्हणजे वेग गुणिले काळ) अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केले आहे आणि ते दारात उभ्या उभ्याही वापरता येते. वर धरलेल्या वीस टेबलांच्या रेस्टॉरंटमध्ये सरासरी चार मिनिटांनी एक टेबल सुटते, म्हणून पुढे दहा गट असतील तर चाळीस मिनिटे लागतील. तुम्ही सहा जण असाल आणि सहा जणांची टेबले दोनच असतील, तर हिशेब फक्त त्या दोन टेबलांचा आणि तुमच्यापुढील मोठ्या गटांचा करावा.