मुंबई ते अंदमान: अंतर, वेळ आणि दोन तिकिटांचा घोळ

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंदमानबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. यंदा अर्ध्याअधिक पत्रांत एकच गफलत दिसली, एका प्रवासाची दोन वेगळी तिकिटं काढण्याची, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

मुंबई ते पोर्ट ब्लेअर अंतर नक्की किती? जो तो वेगळा आकडा सांगतो. (गिरगाव)
सरळ हवाई अंतर सुमारे 2,280 किलोमीटर. चेन्नईमार्गे सुमारे 2,400.

तिकिटावर 'श्री विजयपुरम' छापलंय. चूक आहे का? (दहिसर)
नाही. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव बदलून हे ठेवलं.

एजंट म्हणाला 'डायरेक्ट' विमान आहे, पण प्रवास सहा तासांचा दिसतोय. (बोरिवली)
'डायरेक्ट' म्हणजे नॉनस्टॉप नव्हे. विमान मध्ये एखाद्या शहरात उतरलं, तरी क्रमांक तोच असला की ते 'डायरेक्ट' म्हणून विकतात. न थांबता गेलं तर साधारण साडेतीन तास लागतात. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि मधला थांबा, तिन्ही लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

मुंबई–चेन्नई आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर अशी वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात. मध्ये सव्वा तास आहे. पुरेल ना? (मुलुंड)
नाही पुरणार. हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो.

तुमच्या तिकिटांचे फोटो पाहिले. पीएनआर (बुकिंगचे क्रमांक) दोन, कंपन्या दोन. म्हणजे चेन्नईत उतरून पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, बाहेर यायचं, दुसऱ्या काउंटरवर पुन्हा चेक-इन करायचं आणि सुरक्षा तपासणीची रांग पुन्हा लावायची. ते काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं. सव्वा तासातून तो तास वजा करा. उरली पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात पट्ट्यावर पहिली बॅगसुद्धा येत नाही. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, तुमचं तिकीट 'नो-शो' होतं, म्हणजे तुम्ही आलाच नाहीत असं धरतात. एकाच पीएनआरवर असतात तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं. 'आमची माणसं नेहमी असंच जातात' असं सांगणाऱ्यावर विसंबू नका, त्या दिवशी तिथे तो नसतो. चार पैसे जास्त देऊन एकच पीएनआर घ्या, नाहीतर चेन्नईत एक रात्र मुक्काम करा. तिकिटं आधीच काढली असतील तर आज फोन करून बदलाचे नियम विचारा. उद्यावर ढकलू नका.

मुंबईहून जहाज आहे का? (डोंबिवली)
नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून आहे. चेन्नईहून सुमारे तीन दिवस लागतात.

दुपारी दोनला उतरून त्याच दिवशी बोटीने हॅवलॉक बेट गाठू का? आई 74 वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी बायपास झालंय. (ठाणे)
बेत सोडा. घड्याळ तेच असलं तरी ते बेट आपल्या बरंच पूर्वेला आहे; डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दुपारनंतर बोट मिळेलच असं नाही. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आईंच्या बाबतीत तिकीट काढण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा आणि प्रवासाला हरकत नसल्याचं लेखी घ्या. विमान कंपनीलाही आधी कळवा.

परतीच्या सकाळी स्कूबा करून दुपारचं विमान पकडलं तर? (वसई)
मुळीच नको. एकदाच बुडी मारली असेल तरी निदान 12 तास आणि अनेकदा मारली असेल तर 18 तास विमानात चढू नये, असा संकेत आहे. शेवटचा दिवस कोरडा ठेवा आणि डाइव्ह बुक करण्याआधी प्रशिक्षकाला परतीच्या विमानाची वेळ सांगा.