‘स्टेबल’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : आमच्या भागातील दशावतारी काल्यांचे वेळापत्रक आणि जुन्या जत्रांची छायाचित्रे यांचे एक संकेतस्थळ मी हौसेने चालवतो. भाड्याचे होस्टिंग सोडून आता घरातल्याच एका डेस्कटॉपवर सर्व्हर उभा करण्याचा विचार आहे. एक मित्र सांगतो की डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची ‘टेस्टिंग’ शाखा घे, कारण ‘स्टेबल’मध्ये सगळे जुने असते. दुसरा फ्रीबीएसडी ही वेगळी कार्यप्रणाली सुचवतो. मात्र तिथली ‘स्टेबल’ घेऊ नकोस, ‘रिलीज’ घे, असे बजावतो. ‘स्टेबल’ म्हणजे भरवशाचे, असे मी धरून चाललो होतो. मी काय निवडावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गोंधळ होतो तो या दोन प्रकल्पांनी एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरल्यामुळे.

डेबियनमध्ये नवे पॅकेज (म्हणजे बसवण्यासाठी तयार केलेला प्रोग्रॅमचा संच) आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येते, काही दिवस गंभीर दोष आढळला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी ‘टेस्टिंग’ गोठवून, तिच्यातले दोष निस्तरून, तीच ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध केली जाते. त्यानंतर तिच्यात सुरक्षा दुरुस्त्या आणि गंभीर दोषांवरचे उपाय यांपलीकडे सहसा काही शिरत नाही. येथे ‘स्टेबल’ म्हणजे जागची न हलणारी. फ्रीबीएसडीची ‘स्टेबल’ मात्र विकासाचीच शाखा आहे. ‘करंट’ या सर्वांत नव्या शाखेत मुरलेले बदल तिच्यात येत राहतात आणि पुढच्या आवृत्त्या तिच्यातून काढल्या जातात. त्या मालिकेसाठी बांधलेले प्रोग्रॅम पुढेही चालावेत एवढेच आश्वासन त्या नावात आहे. म्हणून फ्रीबीएसडी घ्यायचेच असेल तर क्रमांक असलेली ‘रिलीज’ घ्यावी, आणि पुढची उपआवृत्ती आल्यावर साधारण तीन महिन्यांत आधीच्या उपआवृत्तीचा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळणे, संपतो हे ध्यानात ठेवावे.

आता ‘सगळे जुने असते’ या तक्रारीविषयी. पावसाळ्यापूर्वी आपण फुटलेली कौले बदलतो, त्यासाठी सबंध छप्पर उतरवत नाही. डेबियनचे सुरक्षा पथक तेच करते : नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या आवृत्तीत बसवते. त्यामुळे मूळ क्रमांक जुनाच दिसतो, पण शेपटीला ‘डेब१२यू२’ असे काहीतरी जोडलेले असते आणि खरी माहिती त्या शेपटीत असते. उलट ‘टेस्टिंग’ला बहुतेक दुरुस्त्या ‘अनस्टेबल’मधून वाट काढत पोहोचतात, म्हणजे ज्या यंत्राला सारे जग टकटक करते तेथे त्या उशिराने लागतात.

मार्च २०२४मध्ये याचा पडताळा आला. फाईलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा दडवला होता आणि त्याचा रोख दूरच्या यंत्रात लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सेवेवर होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता छडा लावत बसला म्हणून ते उघडकीला आले. त्या आवृत्त्या डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’मध्ये पोहोचल्या होत्या, ‘स्टेबल’मध्ये नव्हत्या. जुनेपणाची मला तरी तेव्हापासून तक्रार नाही.

तेव्हा आपण डेबियनची ‘स्टेबल’, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेली १३वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’, घ्यावी असे मी सुचवतो. तिला ऑगस्ट २०२८पर्यंत पूर्ण आणि जून २०३०पर्यंत दीर्घ मुदतीचा सुरक्षा आधार जाहीर झालेला आहे. शाखा निवडताना या तारखा आधी पाहाव्यात, आणि त्या तारखा देणाऱ्याचा शब्द कितपत टिकतो हेही पाहावे. सेंटओएस ८ ही दुसरी लिनक्स कार्यप्रणाली २०२९पर्यंत चालेल या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभारले होते. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ला तिचा आधार संपलासुद्धा.

एक खबरदारी मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पॅकेजे कोठून आणायची हे सांगणाऱ्या ‘सोर्सेस’ फाईलमध्ये ‘स्टेबल’ असा शब्दही चालतो आणि ‘ट्रिक्सी’सारखे संकेतनावही चालते. मी ‘स्टेबल’ लिहून ठेवले होते. जून २०२३मध्ये १२वी आवृत्ती आली, त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे अद्ययावतीकरणाची आज्ञा दिली, तेव्हा पॅकेजे बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ने संकेतनाव ‘बुल्सआय’वरून (११वी) ‘बुकवर्म’ (१२वी) झाल्याचे सांगून परवानगी विचारली आणि मी न वाचता ‘वाय’ दाबला. शेकडो पॅकेजे उतरू लागली, बाहेर मृगाचा पाऊस कोसळत होता, आणि ती बसत असतानाच वीज गेली. अर्धवट बसलेली पॅकेजे मार्गी लावायला रात्र गेली ती गेलीच, शिवाय संकेतस्थळ ज्या भाषेत लिहिले होते ती पीएचपी ७.४वरून ८.२वर गेल्यामुळे माझे जुने संकेतस्थळ सकाळी नुसते कोरे पान दाखवत होते. तेव्हापासून फाईलमध्ये संकेतनावच लिहितो, आणि सर्व्हर व राउटर दोन्ही यूपीएसवर असतात. नवी आवृत्ती आली तरी घाई करत नाही. १३वी मी चवथ आटोपल्यावर, १३.१ ही तिची पहिली दुरुस्ती-आवृत्ती निघाल्यानंतरच घातली. आपला मोसम कार्तिकापासून सुरू होत असल्याने असे मोठे बदल त्यापूर्वीच, कोरड्या दिवशी आणि बॅकअप घेऊन उरकावेत.

रोजच्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवावे. कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, दुरुस्ती आली असेल तर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, तेवढे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल.

प्रश्न : माझ्याकडे जुना ३२-बिट संगणक पडून आहे. त्यावर असा सर्व्हर चालेल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नव्याने उभारू नये. डेबियन १३ने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणे बंद केले आहे, आणि फ्रीबीएसडी १५नेही तशा पीसीचा आधार काढून घेतला आहे. कोणाकडे वापरातून गेलेला ६४-बिट लॅपटॉप असेल तर तो मागून घ्यावा. त्याची बॅटरी धड असली तर वीज गेल्यावर काही मिनिटे तीच यूपीएसचे काम करते.