जाहिरातविक्रीची नोकरी घ्यावी का? आधी जुने अंक चाळा

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.कॉम. झाली. पुण्यातल्या एका कंपनीत तिला सेल्सची नोकरी मिळते आहे. कंपनी इंजिनिअरिंग उद्योगासाठी मासिक काढते आणि प्रदर्शनं भरवते. पगार १८ हजार, वर इन्सेंटिव्ह. तिचे बाबा म्हणतात, एवढं शिकून दारोदार जाहिराती मागत फिरायचं का, त्यापेक्षा एमबीए कर. तिला मात्र ही नोकरी करायची आहे. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत एकटीने जावं लागेल, याची मला धास्ती वाटते. काय करावं?
– एक आई, धायरी

उत्तर :
नमस्कार ताई,

तिच्या बाबांना आधी एवढं सांगा, की ती कुणाकडे काही मागायला जाणार नाही. भोसरीतला कटिंग टूल्स बनवणारा कारखानदार मासिकात पान घेतो, कारण ते मासिक त्याचा माल विकत घेऊ शकणाऱ्या परचेस मॅनेजरच्या टेबलावर पडतं. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. त्या अंकांचाही बराचसा खर्च जाहिरातींवरच निघतो. उद्योगविषयक मासिकांत तर वर्गणीचं उत्पन्न फारच थोडं असतं, बऱ्याच प्रती फुकट पाठवल्या जातात. म्हणजे छपाईपासून संपादकाच्या पगारापर्यंत सगळं ज्यावर चालतं, ते काम तुमची मुलगी करणार आहे.

हे काम असतं कसं, तेही सांगतो. सकाळी यादी घेऊन फोन, दुपारी भेटी, संध्याकाळी कोटेशन आणि फॉलोअप. मासिकात मागचं कव्हर आणि कव्हरच्या आतली पानं सगळ्यात महाग. आतलं पूर्ण पान, अर्धं पान त्याखालोखाल. रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी ऑर्डर घ्यायची, आर्टवर्क, म्हणजे जाहिरातीचं तयार डिझाइन वेळेत मागवायचं, अंक छापायला जायच्या आत सगळं जुळवायचं. प्रदर्शनाची जागा चौरस मीटरवर विकतात. तीन बाय तीनचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा तयार स्टॉल नवख्या कंपन्या घेतात. मोठ्या कंपन्या मोकळी जागा घेऊन स्वतःचा स्टॉल उभारतात. दोन बाजू उघड्या असलेल्या कोपऱ्याच्या स्टॉलचा दर जास्त. ही विक्री प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी सुरू होते आणि बऱ्याच कंपन्यांचं मार्केटिंगचं बजेट एप्रिलपासून नव्याने सुरू होतं. कुणाशी कधी बोलायचं याचं भान वर्षभरात येतं. एकाच गिऱ्हाइकाला पान, स्टॉल आणि प्रायोजकत्व असं तिन्ही विकता येतं, त्यामुळे मालकापर्यंत ओळख पोहोचते. एकविशीतल्या मुलीला इतक्या कारखान्यांची दारं उघडून देणाऱ्या नोकऱ्या फार नाहीत. माझं मत या कामाच्या बाजूने आहे.

मात्र हीच कंपनी योग्य आहे का, हे वेगळं तपासायला हवं, आणि त्यासाठी मुलाखतीतल्या गोड बोलण्यावर विसंबू नका. मुलीला त्या मासिकाचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक मिळवून चाळायला सांगा. त्याच कंपन्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षं परत येतायत का? येत असतील तर गिऱ्हाइकाला फायदा होतोय. दर अंकात सगळी नावं नवी आणि जुनं एकही टिकलेलं नाही, असं दिसलं तर सावध व्हा. तिथे तिला रोज नवं, फसू शकेल असं माणूस शोधावं लागेल, आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. प्रदर्शनाचंही तसंच. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला किंवा मोशीला त्यांचं प्रदर्शन असेल तर शेवटच्या दिवशी जाऊन स्टॉलवाल्यांना सरळ विचारावं, ‘पुढच्या वर्षी येणार का?’ चांगल्या प्रदर्शनात पुढच्या वर्षीच्या जागा तिथेच बुक व्हायला लागतात. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. काही कंपन्या ‘तुम्हाला पुरस्कार मिळाला आहे’ असा फोन करून मग सोहळ्याचं पॅकेज विकतात. तसं काम असेल तर पगार दुप्पट असला तरी नको म्हणा. पहिल्याच नोकरीत खोटं बोलायची सवय लागू नये.

आता पैशाचं. १८ हजारांत घर आणि प्रवास भागतो असं धरूनच हो म्हणा, इन्सेंटिव्ह हिशेबात घेऊ नका. विचारायचं ते हे : टार्गेट महिन्याचं की तिमाहीचं, इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर की पैसे जमा झाल्यावर, आणि तिने नोकरी सोडली तर तिच्या ऑर्डरचे पैसे नंतर आल्यावर तिला काय मिळणार. बऱ्याच ठिकाणी वसुली झाल्याशिवाय इन्सेंटिव्ह देत नाहीत, आणि गिऱ्हाइकं पैसे सावकाश देतात. मूळ मार्कशीट किंवा सर्टिफिकेट कंपनीत ठेवून घ्यायला कोणी मागितलं तर देऊ नये.

तुमच्या काळजीबद्दल. स्वारगेटहून मेट्रोने नाशिक फाटा, पिंपरीपर्यंत जाणं आता सोपं झालंय. चाकणला मात्र मेट्रो नाही आणि तिथली वाहतूक तुम्हाला माहीत आहेच. पेट्रोलचा भत्ता आहे का आणि लांबच्या पहिल्या भेटींना सिनियर बरोबर येतो का, हे ठरवून घ्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मांडणीला उशीर होतोच. त्या दिवशी घरी सोडायची गाडी मागणं हा हट्ट नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण धरली आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचं ऑफिससुद्धा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. त्या समितीत कोण आहे, हे तिने रुजू होताना विचारून ठेवावं.

एमबीए दोन वर्षांनीही करता येईल, आणि तेव्हा मार्केटिंगच्या वर्गात बसताना तिच्याकडे स्वतःची उदाहरणं असतील. त्यासाठी आज ही नोकरी सोडू नये.

ऑफरला उत्तर द्यायला तिने चार दिवस मागून घ्यावेत, आणि इन्सेंटिव्हचे टप्पे ईमेलवर पाठवायला सांगावेत. लेखी आले आणि जुन्या अंकांत ओळखीची नावं परत परत दिसली, तर तिला जाऊ द्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर ही ऑफर नाकारून तिने अशाच कामासाठी दुसरीकडे अर्ज करावा. काम तिने नीट निवडलंय, कंपनी बदलता येते.