नागपुरात महाल भागातलं घर सोडून बेसाकडे राहायला जावं का?

तुमचा प्रश्न असा की नोकरी विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात, घर जुन्या शहरातल्या महालात, सोबत सत्तरीचे आई-वडील. तर शहराच्या दक्षिण टोकाला बेसाकडे फ्लॅट घ्यावा का? माझा जन्म महालातल्याच बडकस चौकाच्या मागच्या गल्लीतला आणि गेली सहा वर्षं मी बेसाच्याही पुढे एका लेआउटमध्ये राहतो, म्हणून लिहितो.

आधी पाण्याचं विचारा, बाकी सगळं नंतर. आम्हाला बिल्डरनं 'चोवीस तास पाणी' सांगितलं होतं. होतंही, पण बोअरचं. महालात नळाला पेंच धरणाचं पाणी, त्यामुळे जड पाणी म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. पहिल्या मे महिन्यात ते कुलरनं शिकवलं. पारा ४५ वर, आणि पंधरा दिवसांत वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर चढून त्या पापडासारख्या कडक झाल्या. हवा येईना. पंपाची नळीही क्षारांनी चोंदलेली. रविवारी सकाळी बाल्कनीत बसून मी स्क्रूड्रायव्हरनं खपल्या काढत होतो आणि बाबा दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. महिनाअखेरीस बोअर आटली, टँकर सुरू झाले. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणाकडे किती कुलर चालतात याची मोजदाद! म्हणून घर बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात जा आणि वॉचमनला टँकरचं विचारा. तो खरं सांगतो.

शहरात मात्र सगळं पक्कं असतं, असंही समजू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला एका रात्रीत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझ्या मावशीचा फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता.

तुमची स्वतःची सोय इकडे नक्की होईल. मिहानला मी गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो. महालातून सीताबर्डी पार करेपर्यंतच जीव जायचा. चारचाकी दारात उभी राहते, आमच्या गल्लीत ती शिरतच नव्हती. एम्सही मिहानमध्येच असल्यानं मोठ्या दवाखान्यासाठी दरवेळी शहरात धावावं लागत नाही. मेट्रोचं म्हणाल तर वर्धा रोडवरच्या उज्ज्वलनगर स्टेशनापर्यंत आमच्याकडून गाडी काढावीच लागते, आणि एकदा काढली की माणूस सरळ ऑफिसलाच जातो.

प्रश्न आई-वडिलांचा आहे. महालात बाबा सकाळी सातला दुधाला निघायचे आणि नऊला परत यायचे. दूध शंभर पावलांवर! मधल्या दोन तासांत तर्री-पोहे, पेपर, कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या मुलीचं स्थळ. इकडे दूध ॲपवरून दारात येतं. बाबा खाली उतरतात, वॉचमनजवळ उभे राहतात, दहा मिनिटांत वर येतात. आईचं बरं चाललंय, तिला भजनी मंडळ मिळालं. बाबांना सहा वर्षांत इथं आपलं म्हणावं असं माणूस भेटलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते. त्या दिवशी ते पहाटेच आंघोळ करून तयार बसतात, आणि मला सुट्टी नसेल तर ऑटो करून एकटेच जातात.

तेव्हा आधी अकरा महिने भाड्यानं राहून बघा, त्यात एक उन्हाळा आलाच पाहिजे. महालचं घर विकू नका. आम्ही खालचा मजला भाडेकरूला दिला, वरची रस्त्याकडची खोली मात्र ठेवली. तिथं एक खाट आणि पंखा आहे, किल्ली बाबांच्या खिशात असते. आठवड्यातले दोन दिवस ते तिकडेच असतात.